वस्त्रांच्या दालनांत



तलवार शतकानुशतकें टिकते. तिचा धनी ज्या अंगरख्यांत वावरला तो मात्र कांहीं पिढ्यांतच विरून जातो. साताऱ्याचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहण्यास सांगलीहून आम्ही पंधरा मंडळी गेलों होतों, तेव्हां ही गोष्ट मनाला फार लागली. १९ जुलै २०२४ पासून कांहीं महिने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें येथेंच मांडलीं होतीं आणि तीं पाहण्यास लोक दुरून आले. शस्त्रापुढें आपण खिळून उभे राहतों. मराठेशाहीतील अंगरखे, पगड्या आणि जरीकाम यांच्यापुढून दोन पावलांत निघून जातों.

वास्तविक अंगरखा सावकाश पाहण्यासारखा असतो. त्याला गुंडी नाहीं, बंद आहेत. एक पदर दुसऱ्यावर येतो आणि कमरेखालीं कळ्या जोडून घेर मोकळा केलेला असतो. माप घेणाऱ्या शिंप्याचा हात त्यांत दिसतो.

अशा दालनांत उजेड मंद असला कीं पाहणारे कुरकुरतात. परंतु रेशमाचा उडालेला रंग पुन्हां येत नाहीं, म्हणून जगभर नाजूक वस्त्रांवर सामान्यतः ५० लक्सच्या वर प्रकाश पडूं देत नाहींत.

आमच्यांतील एक आजीबाई जरीच्या काठाजवळ बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, "सासूबाईंचा शालू आम्ही जाळला हो. त्यांतल्या चांदीची अत्तरदाणी घरांत आहे." जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. लुगडें फाटलें कीं काठपदर जाळून चांदी काढावयाची, ही चाल घरोघर होती. गरजेपायीं झालें, त्याला दोष कोणी द्यावा? पण कितीएक पैठण्या अशा मुशींत गेल्या, आणि विणकराच्या महिनोन् महिन्यांच्या कामाची किंमत तोळ्यांवर ठरली.

परततांना गाडींत प्रत्येकीला आपल्या घरची पेटी आठवूं लागली. तेव्हां इतकेंच सांगतों: जुनें रेशीम धुऊं नये. घडी पडते तेथेंच तें तुटतें. म्हणून धुवट, मऊ सुती कापडांत सैल गुंडाळून ठेवावें, घडी घालणें भागच असेल तर ती वर्षांतून एकदां बदलावी. आणि तें कोणाचें, कोणत्या लग्नांतलें, हें एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावें. चिठ्ठी टांचणीनें मात्र टोचूं नये. तिचा गंज कापड खातो.