चिंधीसुद्धा टाकू नये

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, कवितेच्या माणसाला हे कुठून सुचलं? विषय आहे त्वचेतल्या गाठींचा. त्यातही घामाच्या ग्रंथी, तेलाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं यांच्यापासून होणाऱ्या गाठींचा. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस. शाळेत मला बेडकाची आकृतीसुद्धा धड काढता आली नाही. पण काही विषय आपण निवडत नाही, ते आपणहून घरात येऊन बसतात.

माझी थोरली बहीण, आमची आपा, शिवणकाम करते. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी पेठेत तिचं मशीन कित्येक वर्षं चालू आहे. ईदला पोरांचे कुडते, दिवाळीला शेजारच्या मुलींची परकर-पोलकी, आणि बारा महिने ब्लाऊज. कापड बेतल्यावर उरलेली चिंधीसुद्धा ती टाकत नाही. सगळ्या चिंध्या पिशवीत भरून ठेवते आणि पावसाळ्यात त्यांची वाकळ शिवते. 'कापलेलं टाकायचं नसतं रे, कधी कशाला लागेल सांगता येत नाही,' हे तिचं ठरलेलं वाक्य.

2015 सालच्या पावसाळ्यात आपाच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर रांजणवाडी आली. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. रांजणवाडीचं कोण मनावर घेतं? लवंग उगाळून लावली, फडक्यानं शेकलं. महिना झाला तरी जाईना, तेव्हा गावातल्याच एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छोटा छेद देऊन आतलं खरवडून काढलं. दहा मिनिटांत आम्ही घरी. चार-पाच महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ आली, पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा आतून निघालेलं कापसाच्या बोळ्यावर घेऊन बादलीत टाकलं गेलं. मी शेजारीच उभा होतो. हे कुठं चाललं, असं विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टरांना मी आज वाईट म्हणणार नाही. बहुतेक वेळा रांजणवाडी ही रांजणवाडीच असते. पण त्याच जागी ती पुन्हा आली, तेव्हा तरी थांबायला हवं होतं.

2016 च्या उन्हाळ्यात गाठ तिसऱ्यांदा आली. या वेळी तिच्यावर पिवळट झाक होती आणि तेवढ्या भागातले पापणीचे केस गळून गेले होते. आपाला मिरजेला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'आधी दोनदा काढलं, त्याचे रिपोर्ट कुठं आहेत?' आमच्याकडे रिपोर्ट नव्हते. त्यांनी गाठीचा तुकडा काढला, फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला, बाटलीवर आपाचं नाव लिहिलं. आठ दिवसांनी कागद हातात आला. सेबेशियस कार्सिनोमा. म्हणजे तेलाच्या ग्रंथीचा कर्करोग.

तो कागद घेऊन मी प्रयोगशाळेतल्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरबाईंकडे गेलो. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो होतो. साध्या रांजणवाडीला एवढं मोठं नाव कसं, बाटल्यांची अदलाबदल तर झाली नाही ना, असं काहीबाही मनात होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला खुर्ची दिली. त्या दिवशी आणि पुढं दोन-तीन वेळा त्यांनी जे समजावलं, तेच आज तुम्हाला सांगतो आहे.

आपली कातडी म्हणजे नुसतं आवरण नव्हे. तिच्यात घामाच्या ग्रंथी आहेत, त्यांची संख्या वीस ते चाळीस लाखांच्या घरात जाते. केसांची मुळं आहेत, त्यांना लागून तेलाच्या ग्रंथी आहेत. यांना त्वचेची उपांगं म्हणतात. यातल्या प्रत्येकापासून गाठ होऊ शकते, आणि त्यांतल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. काही बायकांच्या डोळ्यांखाली बारीक बारीक पुटकुळ्या येतात आणि वर्षानुवर्षं तशाच राहतात. त्यांना सिरिंगोमा म्हणतात, त्या घामाच्या नळ्यांपासून होतात. सिरिंक्स हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ नळी किंवा पावा. रोगाच्या नावात पावा लपलेला ऐकून मला मोठी गंमत वाटली. तळपायावर पोरोमा नावाची गाठ होते, ती पुष्कळांना कुरूप किंवा चामखीळ वाटते. तीही सौम्य. मात्र क्वचित वर्षानुवर्षांच्या पोरोमातून कर्करोग उभा राहतो. जुनी गाठ अचानक वाढू लागली, चिघळली, रक्त येऊ लागलं, तर ती दाखवायलाच हवी.

पापणीच्या आत तेलाच्या ग्रंथींची एक रांगच असते. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्यानं 1666 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांच्या तेलामुळं डोळ्यातलं पाणी लवकर सुकत नाही. या ग्रंथीचं तोंड बंद झालं, आत तेल तुंबलं, की गाठ येते, आणि आपण तिला रांजणवाडी म्हणतो. कर्करोगही त्याच ग्रंथीत, त्याच जागी सुरू होतो. म्हणून तो रांजणवाडीसारखा दिसतो. पाश्चात्य देशांत पापणीचा हा कर्करोग विरळा आहे. आपल्याकडच्या नेत्र रुग्णालयांच्या नोंदींत मात्र पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा बराच मोठा आहे.

'मग ओळखायचं कसं?' मी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, 'बाहेरून शंका घेता येते. खात्री इथंच होते,' आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकावर हात ठेवला.

काढलेला तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये मुरतो, म्हणजे तो कुजत नाही. मग अल्कोहोलनं त्यातलं पाणी काढतात, आणि तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या वडीचे यंत्रानं पापुद्रे काढतात. एक पापुद्रा मिलिमीटरच्या दोन-तीनशेव्या भागाइतका पातळ! तो काचेवर घेऊन दोन रंगांत रंगवतात. पहिला रंग हिमॅटॉक्सिलिन. तो एका झाडाच्या लाकडापासून मिळतो आणि पेशीचं केंद्र जांभळं-निळं करतो. दुसरा इओसिन, तो बाकीचा भाग गुलाबी करतो.

आपाची काच मी पाहिली. आधी नुसते गुलाबी-जांभळे ठिपके दिसले. मग त्या दाखवू लागल्या. पेशींत साबणाच्या फेसासारखे बुडबुडे होते. त्या ठिकाणी तेल होतं. तुकड्यावर प्रक्रिया करताना तेल विरघळून गेलं, रिकामी जागा उरली. त्यावरून कळतं, की या पेशी तेलग्रंथीच्या घराण्यातल्या आहेत. पण त्यांची केंद्रं लहानमोठी, वेडीवाकडी होती. ठिकठिकाणी पेशी दुभंगून वाढत होत्या, मध्येच काही भाग मरून गेला होता. गाठीला कड अशी नव्हतीच. पेशींचे पुंजके आजूबाजूच्या भागात घुसत होते, आणि काही सुट्या पेशी पापणीच्या आतल्या पातळ अस्तरातही विखुरल्या होत्या.

मी भांडायचं विसरून गेलो.

पुढच्या वर्षी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या दंडावर गाठ आली. चिंचोक्याएवढी, आणि हाताला खड्यासारखी टणक. आपाचं प्रकरण ताजं होतं. बायकोनं चार दिवस धड जेवण केलं नाही. पापणीवरच्या मऊ गाठीला आम्ही दहा महिने हसण्यावारी नेलं होतं, आणि आता या टणक गाठीनं आमची झोप उडाली. गाठ काढली, बाटलीत घातली, त्याच डॉक्टरबाईंकडे गेली. नाव आलं पायलोमॅट्रिकोमा. केसाच्या मुळापासून होणारी, लहान मुलांत बऱ्यापैकी आढळणारी सौम्य गाठ. टणक होती, कारण तिच्यात कॅल्शियम साठलं होतं. हीसुद्धा काच मी पाहिली. तिच्यात अशा पेशी होत्या, की ज्यांचं केंद्र पुसून गेलंय आणि नुसती बाह्यरेषा उरली आहे. पॅथॉलॉजीत त्यांना भुताच्या पेशी म्हणतात. भुतं होती, पण निरुपद्रवी.

डॉक्टरबाईंनी तेव्हा मला फरक सांगितला. सौम्य गाठ बहुधा दोन्ही बाजूंनी सारखी असते, तिला स्वच्छ कड असते, पेशी एकमेकींसारख्या असतात. मारक गाठ सीमा मानत नाही. 'पण हा नियम डोळे मिटून वापरायचा नाही,' त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर होणारा घर्मनलिकेचा एक कर्करोग आहे. त्याच्या पेशी इतक्या गरीब दिसतात, की वरवरचा तुकडा पाहून तो सौम्यच वाटावा. खोलवर गेल्यावर कळतं, की तो मज्जातंतूंच्या कडेकडेनं पसरत गेला आहे. म्हणून तुकडा पुरेसा खोल लागतो, आणि सोबत माहितीही लागते. गाठ कधीपासून आहे, कितव्यांदा आली आहे, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसेल, तर पॅथॉलॉजिस्टला अर्धीच गोष्ट कळते.

आपाच्या वरच्या पापणीचा मोठा भाग काढावा लागला. काढलेल्या भागाच्या कडा मोकळ्या आहेत ना, हे तपासलं. मग खालच्या पापणीचा पदर वर ओढून नवी पापणी बेतली. त्यासाठी डोळा सहा आठवडे झाकलेला राहिला, मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो उघडला. आपा म्हणाली, 'डॉक्टरीणबाईंनी ठिगळ चांगलं लावलंय.' त्या पापणीला आता केस नाहीत. पण डोळा आहे, नजर आहे. कानापुढच्या आणि जबड्याखालच्या गाठी तपासायला ती नेमानं जाते.

एक गोष्ट मात्र तिला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त लागली. गल्लीत कुणीतरी म्हणालं, आयुष्यभर सुरमा घातला, त्याचं हे फळ. कुणी म्हणालं, रात्री-अपरात्री शिवत बसल्यानं झालं. आपानं मिरजेला डॉक्टरांना सरळ विचारलं, 'माझं काय चुकलं?' डॉक्टर म्हणाल्या, 'काहीच नाही. सुरम्यात शिसं असू शकतं, म्हणून तो घालू नका, ती गोष्ट वेगळी. हा रोग त्यानं झालेला नाही.' त्यांनी घरात कुणाला आतड्याचा कर्करोग होता का, तेही विचारलं. तेलग्रंथींच्या काही गाठींचं नातं आनुवंशिक आतड्याच्या कर्करोगाशी असतं, म्हणून. आमच्या घरात तसं कुणी निघालं नाही. ते उत्तर ऐकल्यावर आपा कितीतरी दिवसांनी त्या रात्री शांत झोपली.

श्रोतेहो, घाबरवण्यासाठी हे सांगितलं नाही. प्रत्येक पुटकुळी कापून घ्या, असंही माझं म्हणणं नाही. एवढंच सांगायचं आहे, की शरीरातून गाठ काढली, तर 'ही तपासायला पाठवणार ना?' असं विचारा. विचारल्यानं डॉक्टरांचा अपमान होत नाही. आलेला रिपोर्ट रेशनकार्डासारखा जपून ठेवा. आणि चाळिशी-पन्नाशीनंतर त्याच जागी पुन्हा रांजणवाडी आली, पापणीचे केस गळाले, तर लवंग उगाळत बसू नका.

मागच्या महिन्यात आपानं माझ्या मुलीसाठी वाकळ शिवली. सुई माझ्या मुलीनं ओवून दिली, टाके आपाचे. कापलेलं टाकू नये, हे ती आम्हाला जन्मभर सांगत होती. दवाखान्यात त्या बादलीपाशी उभा असताना नेमकं तेच मला आठवलं नाही.