किल्लीला लटकेल असं वाण

(संक्रांतीच्या आधी झालेल्या प्रभागसंघाच्या सभेत आपल्या एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. बरंचसं त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)



कर्ज, परतफेड, हिशोब यावर सकाळपासून बोलणं झालं. मला बोलायचं आहे संक्रांतीच्या वाणाबद्दल. हसू नका. सभेत वाणाचं काय बोलायचं, असं मलाही आधी वाटलं होतं. पण मागच्या संक्रांतीपासून एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे, ती आज सांगते.

मागच्या वर्षी रथसप्तमी झाल्यावर मी माळा आवरायला काढला. वाणात आलेल्या प्लॅस्टिकच्या वाट्या, गाळण्या, साबणाच्या डब्या, छोटे डबे सगळे खाली काढले आणि मोजले. एकोणचाळीस निघाले! त्यातल्या किती वापरात होत्या? चार. बाकीच्यांवर धूळ. मी लोकांना दिलेल्याही अशाच कुणाच्या तरी माळ्यावर पडल्या असतील.

आता हिशोब बघा. आपल्याला हिशोबाची सवय आहे. समजा गटात १२ जणी आहेत. प्रत्येकीनं बाकीच्या ११ जणींना २० रुपयांचं वाण दिलं, तर एकीचे २२० रुपये गेले. बारा जणींचे मिळून २,६४० रुपये. आणि प्रत्येकीच्या घरात काय आलं? वीस-वीस रुपयांच्या अकरा वस्तू, त्यातली एकही धड नाही. त्याऐवजी प्रत्येकीनं १०० रुपये काढले तर १,२०० रुपये जमतात. त्यात प्रत्येकीला १०० रुपयांची एक चांगली, रोज हातात येणारी वस्तू मिळते. वर प्रत्येकीचे १२० रुपये वाचतात. गटाचे मिळून १,४४० रुपये.

मग ती वस्तू कोणती? माझं म्हणणं आहे, किल्लीला लटकणारी. म्हणजे किचेन, पण नुसतं शोभेचं नाही. त्याला छोटी बॅटरी, शिट्टी, चिमटा, नेलकटर असं काहीतरी कामाचं पाहिजे.

हे काही नवं खूळ नाही बरं का. माझ्या आजीच्या कमरेला चांदीचा छल्ला होता, त्याला किल्ल्यांचा जुडगा. आजोबांच्या चंचीत एका कडीला तीन वस्तू ओवलेल्या असायच्या. काटा काढायचा चिमटा, दातकोरणं आणि कानकोरणं. रानात कुणाच्या पायात बाभळीचा काटा मोडला की पोरं आजोबांकडं पळायची. तीच ही वस्तू. आता ती दसऱ्याला हिंगोलीच्या प्रदर्शनात, औंढ्याच्या शिवरात्रीच्या यात्रेत दुकानात टांगलेली दिसते, एवढाच फरक.

आता कुणी म्हणेल, बॅटरी कशाला, मोबाईलमध्ये आहे की. हेच मला बोलायचं होतं. मोबाईल आहे, पण कुणाच्या खिशात? आमच्या घरी दोन मोबाईल. एक मालकाकडं, एक पोराकडं. मोटरीची लाईट रात्रपाळीला आली की मालक मोबाईल घेऊन हळदीला पाणी द्यायला जातात. पोरगं बाहेर. मागच्या उन्हाळ्यात असंच झालं. गावातली लाईट गेलेली, गोठ्यात वासरू ओरडायला लागलं, म्हणून अंधारात उठले. उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकला आणि काहीतरी गार पायाला लागलं. पाण्याचा पाईप होता. पण तो पाईपच आहे हे कळेपर्यंत माझा जीव कुठं गेला होता, मलाच माहीत. त्या वेळी घराची किल्ली माझ्या कमरेला होती. मोबाईल घरातल्या दुसऱ्याचा असतो, किल्ली मात्र बाईजवळ असते. म्हणून उजेड किल्लीला पाहिजे.

सापाचं निघालंच आहे तर सांगते. अंधारात बॅटरी लावून, काठी आपटत चाला. कुणाला चावलाच तर कापू नका, तोंडानं विष ओढू नका, दोरीनं करकचून आवळू नका. माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा.

दुसरी वस्तू शिट्टी. तिला सेल लागत नाही, चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही. शेतात एकटी असाल, कुणी मागं लागलं, कुणी पाय घसरून पडलं, तर ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते. आणि आपल्या भागात भूकंपाचे धक्के बसतात हे काय सांगायला पाहिजे? २१ मार्च २०२४ ला सकाळी बसला, १० जुलै २०२४ ला सकाळी पुन्हा बसला, दोन्ही ४.५ तीव्रतेचे. भांडी वाजली, आपण लेकरं घेऊन अंगणात आलो. वसमत, कळमनुरी, औंढा या बाजूच्या बायांना जमिनीतून येणारा आवाजही माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत पहाटे माणसं झोपेत ढिगाऱ्याखाली गेली. अशा वेळी आत अडकलेल्यानं ओरडण्यापेक्षा शिट्टी वाजवली तर बाहेरच्यांना लवकर कळतं. तोंडात धूळही जात नाही. म्हणून रात्री किल्ली उशाला ठेवायची, त्यातच बॅटरी आणि शिट्टी.

पण शिट्टीचा अर्थ गावाला माहीत पाहिजे. ग्रामसंघात ठरवून टाका. लागोपाठ तीन वेळा शिट्टी म्हणजे मदत पाहिजे, जी ऐकेल तिनं बाहेर यायचं. लेकरांना सांगा, ही खेळायची शिट्टी नाही. आणि ज्या घरात फोन आहे तिनं ११२ लावायचा.

तिसरी वस्तू चिमटा किंवा नेलकटर. हळद काढणीला, सोयाबीनच्या रानात हाताला कुसळं, काटे घुसतात. चिमट्याचं टोक दोन्ही बाजूंनी बरोबर मिळतं का, ते दुकानातच एक केस धरून बघा. केस धरला तर कुसळ धरेल. वापरायच्या आधी गरम पाण्यानं धुवा. काटा खोल गेला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका. नेलकटरला कान कोरायची काडी असते, ती कानात घालू नका.

चौथी वस्तू भिंग. ही मोठ्या बायांसाठी. आमच्या गटातल्या दोघी पासबुकावरचे आकडे दुसऱ्याकडून वाचून घेतात. वाचता येतं, पण बारीक दिसत नाही. किल्लीला छोटं भिंग असलं तर पासबुकाचा आकडा, गोळ्यांच्या पाकिटावरची शेवटची तारीख, फवारणीच्या डब्यावरची माहिती आपली आपण वाचता येते. डब्यावर रंगाचा चौकोन असतो, तोही बघून ठेवा. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा आणि सगळ्यात कमी हिरवा. कमी म्हणजे बिनविषारी नव्हे. आणि भिंग उन्हात भुसाच्या, कडब्याच्या जवळ ठेवू नका, आग लागू शकते.

आता घेताना काय बघायचं, ते लिहून घ्या.

पहिलं, कडी. दोन वेटोळ्यांची, पोलादी कडी घ्या. नखानं सहज उघडली तर ती किल्ली पाडणार.

दुसरं, बॅटरीचं बटण. काही बॅटऱ्या बोटानं दाबून धरल्या तरच लागतात. एका हातात घागर असताना त्याचा उपयोग नाही. एकदा दाबलं की चालू राहणारी घ्या. मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारी असली तर सेलाचा खर्च वाचतो.

तिसरं, आणि हे नीट ऐका. छोट्या बॅटरीत शर्टाच्या बटणाएवढा चपटा सेल असतो. तो लहान लेकरानं गिळला आणि घशात अडकला, तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. म्हणून सेलाचं झाकण स्क्रूचं पाहिजे, नखानं निघणारं नको. जिच्या घरात रांगतं लेकरू आहे, तिला शिट्टी द्या, सेलवाली बॅटरी देऊ नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढत बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. वापरलेला सेल चुलीत टाकू नका, फुटतो.

चौथं, चाकू-पातं असलेलं घेऊ नका. स्वस्तातलं पातं मोडतं आणि लेकरांच्या हाती लागतं.

पाचवं, किल्लीवर घराचा पत्ता किंवा नाव लिहू नका. हरवली तर सापडणाऱ्याला किल्लीही मिळाली आणि घरही कळलं. लिहायचाच तर फक्त फोन नंबर.

एकेकटीनं घेऊ नका. गावातल्या सगळ्या गटांची मागणी ग्रामसंघानं एकत्र करावी, दोन-तीन दुकानांत ठोक भाव विचारावा, दहा नग उघडून लावून बघावेत आणि पक्की पावती घ्यावी. हे पैसे बचतीतून काढायचे नाहीत. वेगळी वर्गणी, वेगळी नोंद. ज्या ताईला १०० जमत नाहीत तिच्यावर जोर नको. ५० रुपयांत शिट्टी आणि नेलकटर बसत असेल तर सगळ्यांनीच ५० काढू, पण वस्तू सगळ्यांना सारखी.

आणखी एक. वस्तू बाहेरून आणली तरी तिला लावायचं लटकन आपलं असू द्या. आपल्या तांड्यावरच्या बायांच्या हातात किती सुंदर भरतकाम आहे! कवड्या, आरसे, रंगीत दोरा. त्यांच्या गटाकडून लटकन करून घ्या, पण मजुरी ठरवून, रोख देऊन. 'आपल्याच आहेत' म्हणून फुकट मागू नका. ते चांगलं जमलं तर उद्या प्रदर्शनात, मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये मांडायलाही एक वस्तू होईल.

आता शेवटचं. सुरुवातीला म्हणलं ना, एक गोष्ट मनात घर करून बसली आहे.

आमच्या गटात एक काकू आहेत. त्यांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. गटाची पेटी कोषाध्यक्षांकडं असते आणि पेटीची किल्ली काकूंकडं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना दिली, कारण त्या आल्याशिवाय पेटी उघडणार नाही आणि त्या कुणाच्या भिडेला बळी पडणार नाहीत, हा भरवसा. मागच्या संक्रांतीला आम्ही बैठक आणि हळदी-कुंकू एकाच दिवशी ठेवलं. काकू आल्या, पेटी उघडली, वसुली झाली, पेटीला कुलूप लावलं. मग हळदी-कुंकवाचं ताट बाहेर आलं. काकू उठल्या, "भाकरी टाकायची राहिली" म्हणाल्या आणि निघून गेल्या. आम्ही कुणीच "बसा" म्हणलं नाही. मीही नाही. वाण वाटायला सचिव म्हणून मीच होते.

आम्हाला आमच्या पैशाची किल्ली त्यांच्या हातात चालते आणि वीस रुपयांची वाटी त्यांच्या हातात द्यायला चालत नाही? रात्री झोप लागली नाही मला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर होतो. तो वाटायच्या ताटापर्यंत आणायचं काम आपलं आहे. कुंकू लावायचं की नाही हे ज्या त्या बाईनं ठरवावं, जबरदस्ती नको. कुणाला घरच्यांची भीती असेल, ती मी समजू शकते. पण बॅटरी, शिट्टी, चिमटा याला कुंकू आहे की नाही हे कुठं विचारतात? अंधार सगळ्यांना सारखाच लागतो. उलट घरात दुसरं माणूस नाही, रात्री पाणी द्यायला स्वतः जावं लागतं, तिला उजेड जास्त लागतो.

म्हणून माझी सूचना अशी. यंदा वाण घरोघरी न वाटता जानेवारीच्या गटाच्या बैठकीत वाटायचं. हजेरीपुस्तकातल्या क्रमानं नाव घ्यायचं आणि ज्या नावाला बचत आहे त्या नावाला वाण. सधवा, विधवा, टाकलेली, बिनलग्नाची, सगळ्या. हळद तर आपल्याच रानातली आहे, वसमतची हळद लांब लांब जाते. ती आपल्याच बाईच्या कपाळापर्यंत जायला अडू नये.

आमच्या गटात मी हे मांडलं आहे. दोघी गप्प राहिल्या, एकीनं "सासूला विचारते" म्हणलं, बाकीच्यांनी हो म्हणलं. काकूंना मी घरी जाऊन विचारलं. त्या लगेच काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बॅटरी दे गं, शिट्टी नको. माझा आवाज मोठा आहे."

बैठकीत पहिली बॅटरी त्यांच्याच किल्लीला लावणार आहे. तुमच्या गटाच्या पेटीची किल्ली कुणाकडं आहे आणि मागच्या संक्रांतीला कोण लवकर उठून गेलं, ते तुम्ही आठवून बघा. एवढंच सांगायचं होतं. काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या.