उन्हाळ्यातील उमेदवारी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मी केवळ मॅट्रिक झालेला एक निवृत्त शिक्षक. संगणकाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि माझ्या हातून झालेल्या एका चुकीचा अनुभव तुमच्या उपयोगी पडावा, म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

ज्या आज्ञावलींचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, सुधारता व वाटता येतो, त्यांना ‘ओपन सोर्स’ म्हणतात. अशा आज्ञावली घडविणाऱ्या संस्थांत नवोदितांनी अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करावे, यासाठी ‘गूगल समर ऑफ कोड’ हा उपक्रम २००५ साली सुरू झाला. आरंभी तो विद्यार्थ्यांपुरता होता. २०२२ पासून या क्षेत्रात नवख्या असलेल्या इतर प्रौढांसही खुला झाला. काम घरी बसून करावयाचे असते आणि ते पसंतीस उतरल्यास मानधन मिळते. पूर्वी कसबी कारागिराच्या हाताखाली मुले उमेदवारी करीत, तीच ही रीत होय.

माझ्या पुतण्याने प्रथम अर्ज केला, तेव्हा प्रस्ताव मजकडे तपासावयास आणला. मी तीन रात्री बसून त्याचे इंग्रजी सुधारले, भारदस्त शब्द घातले. ‘बालपणापासून संगणकाची आवड’ हा परिच्छेद तर सर्वस्वी माझाच! प्रस्ताव नामंजूर झाला. वशिला नसल्यामुळे मुलाला डावलले, असे मी रागाने बोलून गेलो. तो शांतपणे म्हणाला, “काका, त्यांची आज्ञावली मी एकदाही चालवून पाहिली नव्हती. तिथे माझी ओळख नव्हती हे खरे. पण ओळख करून घ्यायला कोणी अडवले होते?”

मित्रांनो, त्या उत्तराने मी खजील झालो. जन्मभर मुलांना ‘आधी धडा वाचा, मग उत्तर लिहा’ असे सांगणारा मी, येथे नेमके तेच विसरलो होतो.

पुढील वर्षी त्याने कित्येक महिने आधी आरंभ केला. एकच संस्था निवडली. तिची आज्ञावली आपल्या संगणकावर चालविली. प्रथम माहितीपत्रकातील एक चूक दुरुस्त केली, नंतर आज्ञावलीतील एक लहानसा दोष. ती दुरुस्ती तीन वेळा परत आली. तिन्ही वेळा त्याने निमूटपणे सुधारून पाठविली. प्रश्न विचारताना ‘मला काम द्या’ असे न म्हणता, ‘मी अमुक करून पाहिले, येथे अडलो’ असे तो लिही. प्रस्तावात कोणत्या आठवड्यात काय होईल, ते तपासावयाचे कसे आणि आपल्या परीक्षा कोणत्या दिवशी आहेत, हे सारे साध्या भाषेत स्पष्ट लिहिले. माझा एकही शब्द त्यात नव्हता. त्या वर्षी त्याची निवड झाली.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, प्रस्ताव हा निबंध नव्हे. तो कामाचा आराखडा आहे. तो काकांकडून, मित्राकडून अथवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेऊ नका. मार्गदर्शकांचा पहिलाच प्रश्न निरुत्तर करील. साधारणतः फेब्रुवारीत संस्थांची यादी जाहीर होते आणि मार्च-एप्रिलमध्ये प्रस्ताव घेतले जातात. परंतु तयारी दिवाळीपासूनच करावी. अर्जास शुल्क नाही. निवडीची हमी देऊन कोणी पैसे मागितल्यास त्याला दारात उभे करू नये. आपल्या कन्यांनीही यात मागे राहू नये.

पालकांनो, मानधनाचा आकडा विचारण्यापूर्वी ‘आज काय दुरुस्त केलेस?’ असे मुलांना विचारा. निवड न झाली तरी स्वीकारली गेलेली दुरुस्ती वाया जात नाही. आडनावाला आणि ओळखीला तेथे वजन नाही. वजन आहे ते केलेल्या कामाला. असे एक दार आपल्या मुलांसाठी उघडे आहे, याहून मोठे भाग्य कोणते?