पटावरचे नाव आणि वर्गातली जागा

(अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कापसाचा भाव, पीकविमा, शेतमजुरांची मजुरी या विषयांच्या रांगेत न बोलणाऱ्या मुलाच्या शाळेचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. असे मूल ज्या घरात असते त्या घराचे ते खासगी दुःख आहे, त्याबद्दल हळहळ व्यक्त करावी आणि आपण आपल्या कामाला लागावे, अशी आपली रीत आहे. ही रीत मला मान्य नाही. जी जबाबदारी समाजाने कायदा करून स्वतःच्या शिरावर घेतली, ती प्रत्यक्षात आईबापांच्या, आणि त्यातही एकट्या आईच्या, माथी मारली गेली आहे. हा अन्याय आहे, आणि अन्याय म्हटला की तो आपल्या कामाचा विषय झाला.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीत ज्याला 'ऑटिझम' म्हणतात त्याला मराठीत 'स्वमग्नता' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा शब्द थोडा फसवा आहे. मूल आपल्यातच रमले आहे, त्याला इतरांची गरज नाही, असा ग्रह त्यातून होतो. वस्तुतः हा मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणा आहे. तो जन्मजात असतो आणि आयुष्यभर राहतो. ज्या आवाजाकडे आपले लक्षही जात नाही तो अशा मुलाला असह्य होऊ शकतो. नेहमीच्या क्रमात झालेला लहानसा बदल त्याला हादरवून टाकू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. या मुलांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश मुले मुळीच बोलत नाहीत किंवा मोजकेच शब्द बोलतात. पण ज्याला बोलता येत नाही त्याला काही सांगायचे नसते, असे नाही. तहान, भीती, कंटाळा, आनंद, नकार हे सारे त्याच्याजवळ असते. ते पोहोचविण्याचे साधन मात्र त्याच्या हाती कोणी दिलेले नसते.

आता दोषाविषयी. अशा मुलाच्या बाबतीत आपला समाज प्रथम आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. तिने मोबाईल दाखविला, ती त्याच्याशी बोललीच नाही, कोणाची नजर लागली, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही. खेड्यातल्या बायकांनाच हसण्याचे कारण नाही. हाच दोष एके काळी पाश्चात्त्य विद्वानांनीही आईला दिला होता. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टराने अमेरिकेत या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यानंतर आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हे मत तेथे वर्षानुवर्षे शास्त्र म्हणून शिकविले गेले, आणि १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइमने त्यावर मोठा ग्रंथही लिहिला. हे मत मोडून काढण्यात आईबापांचाच मोठा वाटा होता. बर्नार्ड रिमलँड हा मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचा बाप. त्याने १९६४ साली या मताचे खंडन केले, आणि पुढच्याच वर्षी तेथील पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. इंग्लंडमधली संघटना १९६२ साली निघाली तीही पालकांनीच काढली. आपल्याकडे दिल्लीत १९९१ साली 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू झाली ती एका आईच्या, मेरी बरुआ यांच्या, पुढाकाराने. एकेकटे आईबाप रडत बसले असते तर हे झाले नसते; ते एकमेकांना भेटले म्हणून झाले.

कार्यकर्त्यांनी दोन गैरसमजांबाबत विशेष सावध असावे. लसीमुळे मूल स्वमग्न होते, ही अफवा १९९८ साली इंग्लंडमधील एका लेखातून पसरली. तो लेख खोटा ठरला आणि २०१० साली त्या नियतकालिकाने मागे घेतला. लस नाकारणाऱ्या आईला हे समजावून सांगणे आपले काम आहे. दुसरा गैरसमज बरे करण्याचा. मूळपेशींची सुई देऊन मुलाला बोलते करतो, अशी जाहिरात करणारे दवाखाने आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ साली या उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे. वावर विकून असा उपचार करावयास निघालेला बाप आपल्याला भेटला, तर त्याला थांबविणे हेही राजकीय कामच आहे.

आता कायद्याकडे वळू. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मोजले होते. त्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने ही मुले त्याच्या कक्षेत आली. 'वंचित गटातील बालक' या व्याख्येत अपंग बालकाचा समावेश झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले आणि स्वमग्नतेला त्यात स्वतंत्र स्थान दिले. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिकण्याचा हक्क या कायद्याने दिला. शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी केल्या पाहिजेत, असे बंधन घातले. इतकेच नव्हे, 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येत बोलण्याला पूरक आणि पर्यायी अशा साधनांचाही समावेश केला. म्हणजे चित्रावर बोट ठेवून 'पाणी हवे' असे सांगणारे मूल कायद्याच्या दृष्टीने बोलतच असते. शाळेने ते ऐकले पाहिजे.

येथपर्यंत सारे उत्तम. पण आपल्या वऱ्हाडाला प्रवेशाच्या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून लढा झाला. डॉ. पंजाबराव देशमुख त्या लढ्यात होते, आणि त्यांनीच १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन करून बहुजनांच्या मुलांसाठी शाळेची दारे उघडली. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरच्या मंदिरासाठी प्राण पणाला लावले. या सर्व लढ्यांनी आपल्याला एक गोष्ट शिकविली. दार उघडणे ही पहिली पायरी असते. आत गेल्यावर कोठे बसविले जाते, हा खरा प्रश्न असतो. न बोलणाऱ्या मुलाचे नाव आज पटावर चढते. मुख्याध्यापक नकार देत नाहीत, कारण नकार बेकायदा आहे. पण चार दिवसांनी निरोप येतो : 'मूल बसत नाही, ओरडते, आई सोबत बसली तर पाठवा.' मग आई शाळेच्या व्हरांड्यात दिवसभर बसते. वेचणीच्या हंगामात तिची मजुरी बुडते. धाकट्या लेकराकडे पाहायला कोणी उरत नाही. शहरांतल्या काही खासगी शाळांत याच कामासाठी पालकांनी स्वतःच्या खर्चाने मदतनीस ठेवावा, अशी अट असते. ज्याला परवडते तो पैसे मोजतो, ज्याला परवडत नाही ती आपला दिवस मोजते. सार्वजनिक कर्तव्याचे खासगीकरण म्हणतात ते यालाच.

दुसरी वाट अधिक सभ्य दिसते : 'घरीच शिकवा, घरी शिक्षणाची तरतूद आहे.' तरतूद आहे, हे खरे. पण तीव्र वा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय निवडता यावा, यासाठी ती आहे. निवड मुलाची आणि पालकांची. शाळेला मूल घरी धाडण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. हा भेद प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावा.

तर मग अडले कोठे? अडले आहे शिक्षकापाशी, आणि त्यात शिक्षकाचा दोष नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीश कुमार पांडे यांच्या प्रकरणात, प्राथमिक स्तरावर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केले. पदे निर्माण झाली नाहीत म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४८६० पदांचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या विशेष शिक्षकांच्या लढ्याचे ते फळ होते आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु हिशेब करून पाहा. एका केंद्रात साधारणपणे दहा-पंधरा शाळा असतात. एक शिक्षक आठवड्यातून एक दिवसही एका शाळेला देऊ शकत नाही. उरलेले दिवस त्या मुलाचा सांभाळ वर्गशिक्षक करणार. आणि त्या वर्गशिक्षकाच्या गळ्यात मतदार याद्या, सर्वेक्षणे आणि दोन-दोन वर्ग आधीच अडकविलेले असतात. म्हणून मी बजावून सांगतो, पालकांचा लढा शिक्षकांच्या विरुद्ध उभा राहता कामा नये. शिक्षकांच्या संघटना आणि पालक एकाच निवेदनावर सह्या करतील तेव्हाच शासन ऐकेल.

वर्गात नेमके काय करावे लागते, याविषयीही फार मोठी भीती आहे. खर्चाच्या मानाने ते थोडे आहे. पालकांनी एका वहीत मुलाची ओळख लिहून द्यावी : त्याला काय आवडते, घंटेचा किंवा प्रार्थनेच्या गर्दीचा त्रास होतो का, खिचडी चालते की नाही, लघवीला जायचे असले तर तो काय करतो, बिथरला तर कशाने शांत होतो. शिक्षकाने दिवसाचा क्रम चित्रांतून भिंतीवर लावावा. पाणी, जेवण, बाहेर, नको, मदत यांची चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून मुलाच्या हाती द्यावीत. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' हे अ‍ॅप विनामूल्य मिळते आणि मराठीतही चालते. पण फोन नसला तरी पुठ्ठा पुरतो. चित्रे दिली तर मूल बोलायचेच थांबेल, ही पालकांची भीती अभ्यासांनी खोटी ठरविली आहे. प्रश्नाचे उत्तर तोंडी न मागता दोन पर्यायांतून दाखवून घ्यावे, आणि उत्तरासाठी थोडा अधिक वेळ थांबावे. एवढ्याने सारे सुटते असे नाही. अवघड दिवस येतातच. पण आई व्हरांड्यातून उठून कामावर जाऊ शकते, इतके तरी यातून साधू शकते.

मेळघाटात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कोरकू घरातले मूल मराठी शाळेत गप्प बसले तर भाषा कळत नाही असे म्हणून सोडून दिले जाते, आणि स्वमग्नता वर्षानुवर्षे झाकलेली राहते. उलट, केवळ भाषेमुळे गप्प असलेल्या मुलावर मंदबुद्धीचा शिक्काही बसू शकतो. तेथे चित्राखाली कोरकू शब्द लिहिणारा शिक्षक हवा.

मग विशेष शाळा नकोत काय? असे मी म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना बाप म्हणून आपले नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेथेच वाढलेली, दृष्टी नसलेली माला पापळकर त्याच वर्षी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. मुलाची कुवत पहिल्या दिवशी ठरवू नये, हा त्याचा धडा आहे. मात्र परीक्षा उत्तीर्ण होणे ही शाळेत बसण्याची किंमत नव्हे. जे मूल कधीही परीक्षा देणार नाही त्याचाही बाकावर तितकाच हक्क आहे. शंकरबाबांची मागणी आहे की अशा अनाथ मुलांना अठराव्या वर्षी संस्थेबाहेर काढू नये. तिच्यामागचा प्रश्न आणि आईबाप असलेल्या मुलाच्या घरातला प्रश्न एकच आहे : आमच्यामागे याचे कसे? शेजारची चार मुले ज्याच्याबरोबर एका वर्गात वाढली, त्याला गावात ओळखणारे कोणी तरी उरते. जवळच्या शाळेचे हे मोल कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही. म्हणूनच कमी पटाच्या शाळा बंद करून दूरच्या 'समूह शाळे'त मुले नेण्याचा जो विचार शासनाने २०२३ साली पुढे आणला, तो या मुलांच्या दृष्टीने घातक आहे. रोजची नवी बस, नवी गर्दी जे सोसू शकत नाही, ते मूल मुकाट घरी बसेल. आणि कागदावर कोणीही त्याला शाळेतून काढलेले नसेल.

आता कामाचे बोलू. एक, २०११ च्या जनगणनेत स्वमग्नतेचा स्वतंत्र रकाना नव्हता. शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करावे, असे २०१६ चा कायदा सांगतो. आपल्या गावचे ते झाले काय, हे विचारा. न झाले असेल तर घरोघर जाऊन यादी आपण करा. दोन, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटाच्या पालकांना प्रमाणात स्थान द्यावे लागते. दिव्यांग मुलाच्या आईला त्या समितीवर बसवा. तीन, आपल्या केंद्राचे विशेष शिक्षकाचे पद भरले आहे काय आणि तो महिन्यात किती दिवस कोणत्या शाळेत येतो, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागवा. चार, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अकोल्याला, अमरावतीला वा नागपूरला खेटे घालणाऱ्या कुटुंबाबरोबर एक कार्यकर्ता जावा; बुडालेल्या मजुरीचा दिवस एकाने तरी वाचवावा. पाच, अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. तिच्या बैठका होतात काय, ते पाहा.

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत गरीब मुलांच्या शिक्षणाचे एक कलम आहे आणि अंध, पंगू, रोगी यांच्या उपचाराचे दुसरे. शेंडगावच्या त्या माणसाने ही दोन्ही कामे समाजाची मानली. दिव्यांग मूल आणि शाळा यांचा प्रश्न आला की ती दोन्ही एक होतात. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपल्या केंद्रातील अशा मुलांची यादी आणि विशेष शिक्षकाच्या पदाविषयीचे लेखी उत्तर घेऊन यावे. त्या कागदांवर आपण पुढचा कार्यक्रम ठरवू.