अकरावीला विषय निवडताना

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न: सायन्स की कॉमर्स? माझ्या मते त्याहून महत्त्वाची आहे विषयांची निवड, आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत संगणकशास्त्र हा २०० गुणांचा द्विलक्षी विषय आहे. दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडून तो घेता येतो. बहुतेक मुलं जीवशास्त्र सोडतात. तसं केलं की वैद्यकीय शिक्षणाची वाट अवघड होते, म्हणून मुलांशी आधी शांतपणे बोला. बारावीला संगणकशास्त्रात सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, मायक्रोप्रोसेसर, नेटवर्किंग असं बरंच काही येतं. प्रात्यक्षिक चुकवून मात्र हा विषय जमत नाही. प्रोग्राम स्वतः लिहावा लागतो, तो चुकतो, आणि चूक शोधतानाच खरं शिक्षण होतं.

वाणिज्य शाखेत पुस्तपालन आणि अर्थशास्त्रासोबत माहिती तंत्रज्ञान घेता येतं. त्यात वेबपेज तयार करणं आहे, जीएनयूखाता या मुक्त सॉफ्टवेअरवर हिशेब ठेवणंही आहे. जमाखर्चाची नोंद आधी वहीत समजलेली असेल, तर संगणकावर ती पटकन उमगते. घरचं दुकान असलेल्या मुलामुलींना तर याचा उपयोग लगेच दिसतो.

संगणकाचे हे विषय प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात नसतात. पसंतीक्रम भरण्याआधी तिथे जा, संगणक कक्ष पाहा, आणि एका संगणकावर किती मुलं बसतात तेही विचारा.