परसातली फुले : दांडे मोजा, मजुरीही मोजा
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या सुरवातीला पाहुण्यांचा सत्कार झाला. एकेक पुष्पगुच्छ दिला गेला. आम्हालाही मिळाला, त्याबद्दल आभार. पण आम्ही पडलो शेतकी कॉलेजातले. गुच्छ हातात आला की आधी तो उलटा करून दांडे बघतो. चार जरबेरा, दोन कार्नेशन, आणि भोवती चकचकीत प्लास्टिक. ही फुले शेडमधली, लांबच्या बाजारातून आलेली. समोर बसले आहेत सगळे शेतकरी, आणि मंचावर आलेला एकुलता एक शेतमाल विकत आणलेला! शाळेचे गॅदरिंग, सोसायटीची सभा, निवृत्तीचा समारंभ, लग्नातला आहेर, सगळीकडे आता हाराच्या जोडीला गुच्छ आला आहे. गावातला पैसा त्यासाठी रोज शहरात जातो. आज बोलायचे आहे ते एवढ्याशा गोष्टीवर. घराच्या परसात, सांडपाण्यावर, दोनचार महिन्यांत येणारी रंगीत फुले गुच्छासाठी लावता येतात का, आणि लावली तर त्यात कोणाचे किती सुटते?

आम्ही काम करतो ते भोर आणि वेल्हे तालुक्यांत. वेल्ह्याला आता कागदोपत्री राजगड तालुका म्हणतात. तुम्ही म्हणाल, ते मावळातले लोक, भात पिकवणारे, डोंगरात धो धो पाऊस. आम्हा कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू माणसांना त्यांचे काय कौतुक? तर ऐका. पाऊस पडतो हे खरे, पण तो चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून निघून जातो. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी ही धरणे आमच्या उशाला आहेत. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते. धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांत मात्र होळीनंतर बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. भात निघाला की बरीचशी खाचरे पुढच्या पावसापर्यंत मोकळी. तेव्हा खरीप एके खरीप आणि उन्हाळी कोरड, हे दुखणे तुमचे नि आमचे एकच आहे.

सुटे फूल आणि दांड्याचे फूल

फूल दोन तऱ्हांनी विकले जाते. पुण्याच्या गुलटेकडीच्या बाजारात झेंडू किलोवर जातो. ॲस्टर सुटाही जातो आणि जुडीनेही जातो. जरबेरा नगावर. सुटे फूल म्हणजे हार-तोरणाचा माल. त्याची गिऱ्हाइकी मोठी, पण ती दोनचार दिवसांत एकवटलेली. दसऱ्याला सगळ्यांनाच झेंडू हवा असतो, म्हणून सगळेच दसऱ्याला धरून झेंडू लावतात. गाड्यांवर गाड्या येतात, दुपारनंतर भाव कोसळतो, आणि संध्याकाळी उरलेला माल रस्त्याच्या कडेला टाकून शेतकरी रिकाम्या पोत्यांवर बसून घरी जातो. हे चित्र तुम्ही दर दोनतीन वर्षांनी पाहता. एकरभर झेंडू लावून लॉटरी खेळा, असे सांगायला आम्ही आलेलो नाही.

दांड्याच्या फुलाची गोष्ट वेगळी. इथे माल म्हणजे फूल, लांब सरळ दांडा आणि पाण्यात टिकण्याचे दिवस, हे तिन्ही मिळून. त्याला रान लागत नाही, हात लागतो. रोज थोडी फुले निघतात, रोज थोडी विकतात.

कोणी म्हणेल, गुच्छ ही साहेबाची रीत, आपली रीत हाराची. पण ज्या झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही तो मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांच्या काळात तो इकडे आला आणि आपल्या दाराच्या तोरणात बसला. झिनिया आणि कॉसमॉसही त्याच मुलखातले. ॲस्टर चीनचा. फुलाला जात, गाव विचारत बसू नका. ते आपल्या मातीत येते का आणि मजुरी देते का, एवढेच विचारा.

काय लावावे?

पहिला मान झिनियाला. बी ठळक, जागेवरच टोकता येते, चारपाच दिवसांत उगवते आणि साधारण दोन महिन्यांत फुलते. जितके कापाल तितके फुटते. कॉसमॉस हलक्या मुरमाड जमिनीतही येतो. त्याला खत जास्त झाले तर नुसता पाला वाढतो, तेव्हा त्याला उकिरड्यापासून लांब ठेवा. गलांडा तुमच्या ओळखीचा आहे, पाण्याचा ताण सोसतो. गोमफ्रेना, म्हणजे बटणासारखी गोल फुले, उन्हाळ्यातही रंग धरते आणि वाळल्यावरही तशीच राहते. कोंबडा तर आपल्याच कुरडूचा भाऊ. ज्वारीच्या रानात खुरपून बांधावर फेकता ती कुरडू आठवा. तिचे पांढरे-गुलाबी तुरे सावलीत उलटे टांगून वाळवले तर गुच्छात कित्येक महिने टिकतात.

थंडीसाठी ॲस्टर. त्याचे फुले गणेश व्हाईट, पिंक, व्हायोलेट, पर्पल हे वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या पुण्यातील गणेशखिंड केंद्राचे. ॲस्टरबाबत दोन पथ्ये. बी लवकर मरते, म्हणून जुने घेऊ नका. आणि एकाच वाफ्यात लागोपाठ लावू नका. मर रोग मातीत राहतो, तीनचार वर्षे जागा बदला.

झिनिया, कॉसमॉस, गोमफ्रेना, गलांडा यांचे बी घरी धरता येते. पहिल्या बहरातली चांगली झाडे राखून ठेवा. संकरित झेंडूचे बी धरले तर पुढच्या पिढीत सरमिसळ निघते, ते विकतच घ्यावे लागते. ज्याचे बी घरात राहते ते फूल आधी लावा.

पेरणी ते काढणी

वीस फूट लांब, दहा फूट रुंद एवढा तुकडा पुरे. पाच-सहा पाट्या कुजलेले शेणखत मिसळा. चालायच्या वाटा सोडून फुटाफुटावर एक याप्रमाणे एकशेवीस झाडे बसतात. थंडीत या तुकड्याला रोज सत्तर-ऐंशी लिटर पाणी लागते, म्हणजे पाच बादल्या. पाच माणसांच्या घरात अंघोळीचे तेवढे पाणी मोरीतून वाहून जाते. ते वाळू-खडीच्या खड्ड्यातून वाफ्याकडे वळवा. हे फूल खायचे नाही, त्यामुळे अंघोळीचे पाणी चालते. कपडे धुण्याच्या सोड्याचे मात्र टाळा.

सगळे बी एका दिवशी टोकू नका. एकदम पेरले की एकदम फुलते, आणि एकदम फुललेला माल मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. वाफ्याचे चार भाग करा आणि पंधरा पंधरा दिवसांच्या अंतराने पेरा. तारीख सणावरून उलटी मोजा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, मग मार्गशीर्षातले गुरुवार, डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग, २६ जानेवारी. झिनियाला दोन महिने धरले तर कोणती पेरणी केव्हा, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवता येते.

झाड वीतभरापेक्षा थोडे वाढले की शेंडा खुडा. नवशिक्याचा हात इथे अडखळतो, कारण पहिली कळी डोळ्यासमोर असते. पण शेंडा खुडला की बगलेतून तीनचार फांद्या उभ्या सरळ येतात आणि प्रत्येक फांदी म्हणजे एक दांडा. झाडे पडू नयेत म्हणून खुंट्या रोवून सुतळीचे दोन पदर ओढा. वाकडा दांडा जुडीत बसत नाही.

कापणी सकाळी, उन्हाआधी. झिनिया कापण्यापूर्वी फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलवा. मान डुलली तर फूल कच्चे आहे, दोन दिवस थांबा. ताठ राहिली तर कापा. कॉसमॉस पाकळ्या उघडू लागताच घ्यायचा, ॲस्टर बाहेरच्या दोनतीन ओळी उमलल्यावर, कोंबडा आणि गोमफ्रेना पूर्ण भरल्यावर. धारदार चाकू घ्या. खालची पाने काढा. पाण्यात बुडालेले पान सडते आणि त्याबरोबर फूलही जाते. बादली इतकी स्वच्छ हवी की त्यातले पाणी आपण पिऊ. कापलेले दांडे दोनतीन तास सावलीत पाण्यात उभे ठेवा, मग दहा-दहाची जुडी बांधा.

आता हिशेब

इथपर्यंतचे सगळे कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. माहितीपत्रकात जे नसते ते आता सांगतो. 'परसबाग लावा, घरबसल्या उत्पन्न मिळवा' असे सांगणारे साहेब घरबसल्या या शब्दातच सगळी मजुरी गिळून टाकतात. बाई घरी असते म्हणजे तिचा वेळ फुकट, असा त्याचा अर्थ. आपण वर्षानुवर्षे म्हणतो की घरच्या माणसांची मजुरी उत्पादन खर्चात धरा. मग परसाच्या दाराशी आल्यावर हा नियम कसा विसरता?

मांडून बघू. आकडे समजा म्हणून घेतले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. एकशेवीस झाडे, झाडाला दहा दांडे, म्हणजे बाराशे दांडे, एकशेवीस जुड्या. वीस जुड्या वाया गेल्या किंवा घरी लागल्या. विकायला शंभर. काम रोज अर्धा तास, शंभर दिवस, म्हणजे पन्नास तास. आठ तासांची मजुरी तीनशे रुपये धरली तर मजुरी झाली १८७५ रुपये. बी, खत, सुतळी अडीचशे. बाजारात नेण्याचे भाडे अडीचशे. एकूण २३७५. म्हणजे जुडीमागे पावणेचोवीस रुपये खर्च. वीस रुपयांना जुडी विकली तर हातात दोन हजार दिसतात, घरात सगळे खूश होतात, आणि प्रत्यक्षात त्या बाईने पावणेचारशे रुपयांची मजुरी गावाला दान दिलेली असते.

मग लावू नये का? लावावे, पण हा आकडा माहीत करून. बी घरचे धरले आणि माल गावातच गेला तर भाडे जाते, बियाण्याचा खर्च उतरतो, जुडी वीसच्या आत बसते. आमच्याकडे पुण्याचा बाजार पन्नासेक किलोमीटरवर, तरी पाच-दहा जुड्या घेऊन एसटीने गुलटेकडी गाठणे परवडत नाही. त्यापेक्षा नसरापूरचे बनेश्वर, कापूरहोळजवळचे केतकावळ्याचे बालाजी मंदिर, शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याला येणारी माणसे हे दाराजवळचे गिऱ्हाईक. तुमच्याकडेही तालुक्याचे देवस्थान, शाळा, मंगल कार्यालय आहेच. चारपाच घरांनी मिळून वेगवेगळे रंग लावले आणि एकीने विकले तर पाचजणींचे पाच हेलपाटे वाचतात. आणि जुडी खर्चाच्या खाली मागितली तर सरळ नाही म्हणावे. ती फुले देवाला वाहावीत, पोरींच्या केसांत माळावीत. तोट्यात विकण्यापेक्षा ते बरे.

पैसा आला तर तो कोणाच्या हातात, हेही आताच ठरवा. कापसाचा चेक घरधन्याच्या नावाने येतो. परसाला पाणी घालणारी, शेंडा खुडणारी, पहाटे दांडे कापणारी बाई आहे. जुडीचे पैसे तिच्या हातात, तिच्या खात्यात गेले पाहिजेत. नाहीतर आपण फक्त तिच्या कामात अर्ध्या तासाची भर घातली असे होईल.

तुमच्या रानातले गुच्छ

शेवटी तुमच्या शिवाराकडे बघू. कपाशीभोवती झेंडूची एक ओळ लावायला कृषी खाते फार दिवसांपासून सांगते. हिरव्या बोंडअळीचा पतंग झेंडूकडे ओढला जातो, तिथे अंडी घालतो. ती फुले-कळ्या अळीसकट तोडून नष्ट करायच्या असतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर दसऱ्याचा हिशेब मांडू नका. गुलाबी बोंडअळीला, जिने २०१७ साली आपले कंबरडे मोडले, झेंडूचा उपयोग नाही.

ज्वारीची लालसर, भरीव कणसे वीतभर दांड्यासह वाळवली तर सुक्या गुच्छात शोभतात. करडईची फुले युरोपात दांड्यासकट गुच्छासाठी विकली जातात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे नारी-६ हे करडईचे वाण बिनकाटेरी आहे, हाताला टोचत नाही. बोंडे फुटलेल्या पऱ्हाटीच्या काड्या शहरात सजावटीला ठेवतात. पण इथे सावध राहा. किडक्या बोंडांत गुलाबी अळी दडून राहते. हंगाम संपला की पऱ्हाटी रानातून काढायची, ती याचसाठी. म्हणून निरोगी, पूर्ण फुटलेल्या बोंडांच्याच काड्या घ्या, कडक उन्हात वाळवा, आणि उरलेली पऱ्हाटी घराशेजारी रचून ठेवू नका.

आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक गावातून दोन घरांनी वीस बाय दहाचा एक तुकडा लावावा. सोबत एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला पेरले, किती बादल्या पाणी गेले, किती तास गेले, किती दांडे निघाले, जुडी कितीला गेली, हे त्यात लिहावे. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीला द्यावे. पुढच्या बैठकीला येताना ती वही घेऊन या, आणि जिने फुले लावली तिलाही घेऊन या. दर आम्ही इथे बसून सांगणार नाही. तो त्या वह्यांतून निघेल.