सरकारी सेवा आणि लोकांचा शब्द

(महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी जो विषय मजकडे सोपविण्यात आला आहे, तो ऐकावयास कोरडा वाटण्याचा संभव आहे. सरकार लोकांसाठी दवाखाने, अंगणवाड्या, स्वस्त धान्याची दुकाने इत्यादी चालविते. त्यांना आकार देण्याच्या कामी, ज्यांच्यासाठी ती आहेत त्यांचा शब्द कसा घेतला जावा, हा तो विषय होय. परंतु वेणा लागलेली बाई रात्री आरोग्य केंद्राच्या दाराशी पोहोचावी आणि दारास कुलूप असावे, एवढे चित्र डोळ्यांपुढे आणिले म्हणजे तो कोरडा राहत नाही. कागदोपत्री केंद्र उघडे असते. कुलूप ठाऊक असते ते गावास. पुण्या-मुंबईस बसलेल्या अधिकाऱ्यास ते ठाऊक नसते, आणि यात सर्वस्वी त्याचाच दोष आहे असेही नव्हे. त्याच्याकडे येणारा प्रत्येक तक्ता त्याच्या हाताखालच्यांनीच भरलेला असतो.

आरोग्यसेवेच्या आखणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क व कर्तव्य होय, असे १९७८ साली अल्मा आटा येथील परिषदेने जाहीर केले. आपल्या देशात २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, आणि २००७ साली नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग हाती घेण्यात आला. महाराष्ट्रात प्रथम जे पाच जिल्हे निवडिले, त्यांत ठाणे जिल्हा होता. आजचा पालघर जिल्हा त्या वेळी त्यातच मोडत असे, तो २०१४ साली निराळा झाला. यास्तव ही कथा आपणांस परकी नाही.

या प्रयोगाची रीत मला फार शहाणपणाची वाटते. लोकांस मत विचारण्यापूर्वी त्यांस त्यांचे देणे काय आहे हे सांगण्यात आले: उपकेंद्रात कोणत्या सेवा मिळावयास हव्यात, कोणती औषधे फुकट मिळावयाची, परिचारिकेने गावास केव्हा यावयाचे. आपला हक्क काय हे ज्यास ठाऊक नाही, त्यास “समाधानी आहात का?” असे विचारिले असता तो बापडा “होय” म्हणणारच! त्यानंतर गावच्या समितीने घरोघर विचारपूस करून गावाचा तक्ता भरावयाचा. चांगल्या सेवेस हिरवा रंग, मध्यमास पिवळा, वाईटास तांबडा. अक्षरओळख नसलेल्या आजीबाईसही तांबडा रंग वाचता येतो, ही गोष्ट लहान नव्हे.

मग जनसुनवाई. अधिकारी समोर बसलेले, आणि गावकरी उठून आपली हकीकत सांगत. औषधे बाहेरून विकत आणावयास लाविली, फुकट सेवेस पैसे घेतले, परिचारिका वस्तीवर फिरकली नाही, अशा तक्रारी तेथे निघत. कर्मचाऱ्यांस प्रथम हे रुचले नाही, आणि ते साहजिक होते. पण दुसरी बाजूही याच सभांत उघडी पडली. औषधसाठा वरून आलाच नाही, जागा रिकाम्या आहेत, हे डॉक्टरांस चारचौघांत सांगता आले, आणि गावकरी त्यांच्याच बाजूने वर मागणी करू लागले. साहेबास एकट्याने लिहिलेल्या पत्रापेक्षा त्या मागणीचे वजन अधिक.

अमेरिकेत शेरी आर्नस्टीन या विदुषीने १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडिली. तळाच्या पायऱ्यांवर सहभागाचे केवळ सोंग असते. मधल्यांवर लोकांस कळविले जाते व विचारिलेही जाते, परंतु निर्णय दुसऱ्याचा. वरच्यांवर मात्र निर्णयातच त्यांचा वाटा असतो. आपल्याकडील पुष्कळशा बैठका सह्यांच्या वहीपाशीच संपतात, हे आपण जाणताच. निर्णयाचा वाटा म्हणजे पैशाचा वाटा. अभियानाने प्रत्येक गावच्या आरोग्य समितीस वर्षास १०,००० रुपयांपर्यंत निधी ठेविला होता, तो एवढ्याचसाठी. मेजाशी बसणाऱ्यास खुर्ची मोडकी दिसते. ओट्यावर तान्हे घेऊन ताटकळणारीस पाण्याचा नळ नाही हे दिसते.

तथापि “लोक” म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. सकाळी दहाची सभा म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या बाईचा रोज बुडाला. ती येत नाही, आणि तिच्या नावाने दुसराच बोलतो. पाड्यावरच्या कुटुंबास गावठाणातील देवळापाशी किंवा चर्चच्या पटांगणात बोलावून चालणार नाही. संध्याकाळी पाड्यावरच जावे लागेल. माझ्या मते, कोणत्याही खात्याची परीक्षा येथेच होते.

आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. देखरेख करणाऱ्या संस्थांस जो निधी मिळे, तो ज्या खात्यावर देखरेख करावयाची त्याच्याच अभियानातून. ज्याच्या हाती पैशाची थैली, त्याच्या चुका मोजणे सोपे नसते. म्हणून मेघालय राज्याने २०१७ साली सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदाच केला, तो मला विचार करण्याजोगा वाटतो. अधिकाऱ्याची मर्जी बदलली म्हणून कायदा बदलत नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या गावी ग्रामपंचायत आहे, त्यांस माझी एकच विनंती आहे. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचाराव्यात: आरोग्य समितीचे सभासद कोण, गेल्या वर्षी तिच्या हाती किती पैसा आला व तो कशावर खर्च झाला, आणि तो ठरविताना लांबच्या पाड्यावरील एखाद्या बाईस विचारिले होते काय. उत्तर लेखी मागावे, आणि त्यावर तारीख घालून घ्यावी.